दुसऱ्या टाकीचा काटा

स्कूटरचा रिझर्व्हचा कॉक फिरवत लहानाचे मोठे झालेल्या आमच्या पिढीला 'दोन टाक्या' म्हटलं की आधीच निम्मा विश्वास बसतो. मीही तसाच फसलो. टेक्सासमध्ये ऑस्टिनच्या पूर्वेला आम्ही थोडी जमीन घेतली. माती, खत, कुंपणाचे खांब आणायला गाडी हवी होती. नवीन पिकअप परवडणारी नव्हती, म्हणून 1992 सालची फोर्ड एफ-150 बघायला गेलो. सहा सिलिंडरचं 4.9 लिटरचं इंजिन, लांब हौदा आणि पेट्रोलच्या दोन टाक्या. दोन्ही मिळून पस्तीसच्या आसपास गॅलन, म्हणजे सव्वाशे लिटरच्या वर पेट्रोल.

विकणारा साठीचा गृहस्थ होता. बोलायला गोड, गोठा नीटनेटका. त्याने आम्हाला लिंबाचं सरबत दिलं. बायको परत येताना म्हणालीसुद्धा, "अहो, माणूस किती साधा वाटला ना!" त्याने चावी फिरवली आणि डॅशबोर्डवरचं बटण पुढच्या टाकीवर ठेवलं. काटा अर्ध्यावर गेला. मग बटण मागच्या टाकीवर ढकललं, काटा हळूहळू चढत अर्ध्याच्या बराच वर जाऊन थांबला. "बघा, मागचीही जवळजवळ भरलेली आहे, पेट्रोल तुम्हाला फुकट!" मग बटण परत पुढे घेऊन त्याने इंजिन चालू केलं, आम्ही फेरी मारून आलो. मागचा काटा त्याने दाखवला तेव्हा इंजिन बंद होतं, हे आज मला लख्ख आठवतं. त्या वेळी लक्षातच आलं नाही. 4,300 डॉलर रोख मोजले. पावतीवर 'ॲज इज' लिहून सही केली, म्हणजे गाडी आहे तशी घेतली, मागाहून तक्रार चालणार नाही.

तीन आठवड्यांनी ब्रायन गावाहून परत येत होतो, हायवे 21 वरून. रात्रीचे नऊ वाजून गेलेले. पुढची टाकी संपत आली म्हणून निश्चिंतपणे बटण मागे ढकललं. काटा वर गेला. आणि शे-दोनशे मीटरवर इंजिनाने दोन आचके दिले आणि गाडी बंद पडली. अंधारात, रस्त्याच्या कडेला, शेजारून ट्रेलर सुसाट जातायत, आणि डॅशबोर्डवर काटा सांगतोय टाकी अर्ध्याच्या वर भरलेली आहे. बायको दीड तास एक शब्द बोलली नाही. एका शेतकऱ्याने कॅनमधून पेट्रोल आणून दिलं तेव्हा घरी पोचलो. विकणाऱ्याला फोन केला, पहिल्या दिवशी त्याने ऐकून घेतलं, दुसऱ्या दिवसापासून माझा नंबरच ब्लॉक केला.

इथपर्यंत एकदा फसलो होतो. दुसऱ्यांदा फसलो ते गॅरेजमध्ये, आणि त्याचा राग मला जास्त आहे, कारण तिथे मी मदत मागायला गेलो होतो. त्यांनी गाडी दोन दिवस ठेवून घेतली आणि 1,180 डॉलरचं बिल दिलं: मागचा पंप आणि 'सिलेक्टर व्हॉल्व्ह' बदलला. पेट्रोल कुठल्या टाकीतून घ्यायचं हे ठरवणारा व्हॉल्व्ह, असं समजावून सांगितलं. मागची टाकी तरी चालेना. "आता वायरिंग बघावं लागेल," म्हणाले, म्हणजे आणखी पैसे.

तेव्हा ओळखीतल्या एका निवृत्त मेकॅनिकला गाडी दाखवली. आयुष्यभर याच गाड्या दुरुस्त केलेला माणूस. बिल वाचून तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, या गाडीला असा व्हॉल्व्हच नसतो. 1980 च्या दशकातल्या फ्युएल इंजेक्शनच्या मॉडेलांना टाक्यांच्या मध्ये चॅसीवर असा वेगळा व्हॉल्व्ह असायचा. 1990 पासून पेट्रोलच्या गाड्यांत प्रत्येक टाकीच्या आत स्वतःचा पंप आणि त्याच्याच जोडीला झडप असते. बटण दाबलं की फक्त कुठल्या पंपाला वीज जायची ते बदलतं, त्या पंपाच्या दाबाने त्याची झडप उघडते. म्हणजे जो पार्ट गाडीत नाहीच, त्याचे पैसे मी भरले होते.

टाकी खाली उतरवण्यापेक्षा हौदाच उचलू, असं ठरलं. बोल्ट सोडवून चौघांनी हौदा उचलून बाजूला ठेवला. मागच्या टाकीचे पट्टे आणि पंपाची कडी गंजून एकजीव झालेली, वर धुळीचा जाड थर. गेल्या कित्येक वर्षांत तिथे कोणाचा पाना लागलेला नव्हता. पंपाच्या वायरी कापलेल्या. पेट्रोलच्या पाइपात एक बोल्ट ठोकून वर क्लॅम्प आवळलेला. आणि काट्याच्या दोन वायरींमध्ये काळ्या टेपमध्ये गुंडाळलेला शेंगदाण्याएवढा रेझिस्टर, म्हणजे विजेला ठरावीक अडथळा करणारा तुकडा, अंगावर तपकिरी, काळा, तपकिरी पट्टे. या रंगांचा अर्थ 100 ओहम, ओहम म्हणजे त्या अडथळ्याचं माप. या गाड्यांच्या टाकीतला फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगून काट्याला पातळी कळवणारा भाग, रिकाम्याला साधारण 16 ओहम दाखवतो आणि पूर्ण भरल्यावर 160 च्या आसपास. मध्ये 100 चा तुकडा घातला की टाकी कोरडी असो वा नसो, काटा तिथेच. शिवाय पेट्रोल हिंदकळलं तरी काटा नाचू नये म्हणून या गाड्यांत तो मुद्दाम सावकाश फिरतो, त्यामुळे थिजलेल्या काट्याचा कोणाला संशयही येत नाही. टाकीच्या तळाशी जेमतेम दोन बोटं जुनं पेट्रोल होतं, वार्निशसारखा वास मारणारं.

फोटो काढले, क्रेडिट कार्डवाल्यांकडे बिलासकट तक्रार केली. दोन महिन्यांनी गॅरेजचे पैसे परत मिळाले. विकणाऱ्याकडून एक डॉलरही नाही.

आता मुख्य प्रश्न, कारण इकडचे बरेच मराठी लोक मला हेच विचारतात: दोन टाक्यांची जुनी गाडी घ्यावी का? दोन्ही टाक्या खरोखर चालत असतील तर मी घेईन. गॅलनला पंधरा मैल देणाऱ्या गाडीला दोन्ही टाक्यांवर पाचशे मैल मिळतात, आणि पश्चिम टेक्सासमध्ये पंपांमधलं अंतर बघता ते सुख मोठं आहे. पण शहरात राहून आठवड्याला शंभर मैल चालवणाऱ्याला दुसरी टाकी म्हणजे दुसरा पंप, दुसरा फ्लोट आणि पडून खराब होणारं पेट्रोल. बंद असलेल्या टाकीचे पैसे तर कधीच मोजू नका, ती एका टाकीचीच गाडी समजून भाव करा.

बघताना इंजिन चालू ठेवून मागच्या टाकीवर किमान वीस मिनिटं गाडी चालवा. स्वतःच्या पैशाने मागे पाच गॅलन टाका आणि काटा हलतो का पाहा. कोणाला तरी चावी फिरवायला सांगून तुम्ही मागच्या टाकीचं झाकण उघडून कान लावा, पंप एक-दोन सेकंद गुणगुणला पाहिजे. पुढच्या टाकीवर चालवून झाल्यावर बटण मागे ढकललं आणि काटा आधीपेक्षा वर दिसला तर झडप गेली आहे, न वापरलेलं पेट्रोल दुसऱ्या टाकीत जातंय आणि ती भरून बाहेर सांडू शकते. याच कारणासाठी फोर्डने 1993 मध्ये या गाड्या दुरुस्तीला परत बोलावल्या होत्या. शेव्हर्लेच्या 1973 ते 1987 च्या पिकअप बघत असाल तर त्यांच्या टाक्या चॅसीच्या बाहेरच्या अंगाला आहेत, बाजूने धडक बसली तर आगीचा धोका. मी तरी त्या घरात आणणार नाही.

गेल्या आठवड्यात त्याच गोठ्याचा फोटो पुन्हा एका जाहिरातीत दिसला. 1988 ची फोर्ड, 'दोन टाक्या, दोन्ही चालू', आणि सोबत काट्याचा फोटो, अर्ध्याच्या बराच वर. ती बघायला जाणार असाल तर एक लक्षात ठेवा, त्या वर्षाच्या गाडीत वेगळा व्हॉल्व्ह खरंच असतो, चॅसीच्या आतल्या बाजूला, ड्रायव्हरच्या साधारण खाली. टॉर्च घेऊन जा.