जुनं फर्निचर विकायचंय: जाहिरातीचं ॲप बरं की परिसराचा ग्रुप?

आमची कोथरूडची सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली आणि घर रिकामं करायला दीड महिना मिळाला. भाड्याची जागा लहान, त्यामुळे निम्मं सामान काढणं भागच होतं. सागवानी दिवाण, डबल बेड, सहा खुर्च्यांचं डायनिंग टेबल, लोखंडी कपाट, मुलाचं अभ्यासाचं टेबल. "ओएलएक्सवर टाक" हे ज्याला त्याला पहिलं सुचतं. मी काही वस्तू जाहिरातीच्या ॲपवर विकल्या आणि काही आमच्या परिसराच्या खरेदी-विक्रीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. ॲप कोणतं ते महत्त्वाचं नाही, माणसं सगळीकडे तीच असतात. शेजारच्या दोन सोसायट्याही आता रिकाम्या होतायत आणि तिथले लोक विचारतात, म्हणून सविस्तर लिहितो. फोटो कसे चढवायचे वगैरे तुम्हाला येतंच.

आधी ॲपची बाजू, कारण तिचं श्रेय तिला द्यायलाच हवं. दिवाण वडिलांनी सुताराला घरी बसवून करून घेतलेला, अस्सल सागवानाचा. ग्रुपवर कौतुक भरपूर झालं, पण आजकालच्या फ्लॅटमध्ये दिवाणाला जागा कुणाकडे आहे? एकांनी सहा हजार सांगितले, तेही भीड म्हणून. ॲपवर चौथ्या दिवशी मुळशीकडे होमस्टे चालवणाऱ्या गृहस्थांचा फोन आला. त्यांना दिवाणाच्या पोटाचा फोटो हवा होता. खालच्या बाजूला पॉलिश नसतं, लाकडाच्या रेषा तिथे खऱ्या दिसतात. तो फोटो बघून ते स्वतः आले, आडवे होऊन खालून हात फिरवला आणि चौदा हजाराला दिवाण घेऊन गेले. मी पंधरा लिहिले होते. जाहिरातीच्या शीर्षकात 'सागवान' आणि 'टीक वूड' दोन्ही शब्द टाकले होते, कारण शोधणारे दोन्ही शोधतात. अशी जरा वेगळी, जड, भरीव लाकडाची वस्तू असेल तर तिचा खरा कदरदान बहुधा तुमच्या गल्लीत राहत नाही. त्याच्यापर्यंत पोचायला ॲपच लागतं.

पण घरोघरी असतं तसं साधं फर्निचर विकायचं असेल, तर मला डबल बेडची गोष्ट सांगावी लागेल.

बेड पार्टिकल बोर्डाचा, खाली सामान ठेवायचे बॉक्स असलेला. ॲपवर टाकल्या टाकल्या "अव्हेलेबल?" असे पंधरा-वीस मेसेज आले. "लास्ट प्राइस?" विचारून गायब होणारेही बरेच. त्याचं मला फार वाटलं नाही. एकाशी नऊ हजार पाचशे ठरले. शनिवारी सकाळी अकरा वाजता टेम्पो घेऊन येतो म्हणाले. बेड उघडल्याशिवाय आमच्या दारातून निघणार नव्हता, म्हणून मी सुताराला नऊलाच बोलावलं. दीड तासात त्याने बेड उघडला. फळ्या पॅसेजमध्ये भिंतीला टेकवल्या, स्क्रू श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भरले आणि सातशे रुपये घेऊन तो पुढच्या कामाला गेला. साडेदहाला "निघालोय" असा मेसेज आला होता. बारा वाजता फोन नुसता वाजत राहिला. दोन वाजता बंद लागला. संध्याकाळी माझ्या मेसेजपुढे दोन निळ्या खुणा दिसल्या, उत्तर आलं नाही.

बेड आईच्या खोलीतला होता. आईचं वय चौऱ्याहत्तर, गुडघे दुखतात. सुताराला पुन्हा सवड मिळेपर्यंत तीन रात्री ती जमिनीवर गादी घालून झोपली आणि दर पहाटे तिला हात देऊन उठवावं लागलं. त्या तीन पहाटांमुळे माझं मत बनलं, हे मी मोकळेपणाने सांगतो.

नुकसान तेवढ्यावर थांबलं नाही. पार्टिकल बोर्ड म्हणजे भुसा दाबून केलेली फळी. तिच्यातला स्क्रू एकदा काढला की त्याच भोकात तो पहिल्यासारखा आवळत नाही. बेड परत जोडताना दोन स्क्रू नुसतेच फिरायला लागले. सुताराने काड्या आणि फेव्हिकॉल भरून ते बसवले, पण कूस बदलली की बेड करकरायला लागला. न आलेल्या माणसाने माझ्या वस्तूची किंमत कमी केली, आणि त्याला ते कधी कळणारही नाही.

यावर कुणीही सांगेल की टोकन घ्या. मीही पुढच्या वेळी पाचशे रुपये आधी मागितले. घेणाऱ्या बाई बिचकल्या, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आधी पैसे मागून पळणारे भामटेही ॲपवर आहेतच. भामटे विकणाऱ्यांनाही गाठतात. "मी आर्मीत आहे, बदली झालीये, सामान न बघताच घेतो" असं सांगून एकाने मला क्यूआर कोड पाठवला आणि पैसे जमा व्हायला तो स्कॅन करून पिन टाका म्हणाला. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. घरातल्या ज्येष्ठांना हे आवर्जून सांगा. कुणी फसलंच तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करायचा. तर अनोळखी बाजारात टोकन मागणंही संशयाचं होऊन बसलंय, आणि 'येतो' या शब्दाला दुसरं कुठलंच बंधन उरलेलं नाही.

ग्रुपवर ते बंधन आपोआप असतं. तोच बेड मी ग्रुपवर सहा हजाराला टाकला आणि दोन स्क्रू सैल आहेत हेही लिहिलं. डहाणूकर कॉलनीतलं नवं जोडपं रात्री जेवण झाल्यावर चालत आलं. त्यांनी स्वतःचा टेप आणला होता. आईने त्यांना बसवून पाणी दिलं, त्यांनी माप घेतलं, बेडवर बसून करकर ऐकली आणि "रविवारी नेतो" म्हणाले. टोकनचा विषयही निघाला नाही. रविवारी ते छोटा हत्ती घेऊन हजर झाले तेव्हा कुठे सुताराने पहिला स्क्रू काढला, आणि त्यांच्याकडे जाऊन बेड जोडून देणाराही तोच सुतार. किंमत कमी मिळाली, पण शनिवार-रविवार दोन्ही माझ्या हातात राहिले.

ग्रुपच्याही अडचणी आहेत. आमच्याकडे विक्रीचे मेसेज फक्त शनिवार-रविवारी चालतात आणि तासाभरात ते वर निघून जातात. ओळखीत घासाघीस करायला जीभ रेटत नाही, "आपल्यातलेच आहात" म्हटलं की हजार-पाचशे सोडावेच लागतात. उद्या खुर्ची डगमगली तर घेणारे काका मंडईत भेटणार, म्हणून दोष आधीच सांगून टाकायचा. आणि रीडेव्हलपमेंटमध्ये स्वतःच्या सोसायटीचा ग्रुप उपयोगाचा नाही, कारण तिथे सगळेच विकणारे असतात. शेजारच्या कॉलनीचा ग्रुप गाठा.

मंगळवार पेठेतला जुना बाजार किंवा एकगठ्ठा माल उचलणारा फर्निचरवाला हा तिसरा पर्याय. भाव पडून मागतात. हातात दोनच दिवस उरले असतील तर ठीक.

वेळेचं मात्र दोन्हीकडे सारखंच. पहिल्या आठवड्यात पगार झालेले असतात, तेव्हा चौकशी वाढते. जूनमध्ये विद्यार्थी येतात, टेबल-खुर्ची आणि सिंगल बेड लगेच जातात. पितृपक्षात घरात वस्तू आणायची नाही असं मानणारे अजून खूप आहेत, त्या पंधरवड्यात किंमत उतरवू नका, थांबा. आमचं डायनिंग टेबल त्या दिवसांत पडून होतं, नवरात्रात ग्रुपवरच गेलं.

तुमच्याकडे शिसवी किंवा सागवानी काही असेल, कुणी खाली थांबायला असेल आणि दोन-चार शनिवार फुकट गेले तरी चालणार असेल, तर ॲपवर पैसे जास्त मिळतील, हे मला मान्य आहे. माझ्याकडे आता लोखंडी कपाट तेवढं उरलंय. ते बेडसारखं सुटं करावं लागत नाही, भाव ॲपवरच बरा येईल असं सगळे म्हणतात. मी ते या शनिवारी ग्रुपवर टाकणार आहे.