सिस्टर गेल्या, बाई आल्या : एका कॅथलिक शाळेच्या नव्या कारभाराविषयी

धर्मभगिनींच्या एका संस्थेने चालवलेल्या ज्या शाळेत माझी मुलगी शिकते, तिथे या शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीला मुख्याध्यापिका असलेल्या सिस्टरांची बदली झाली आणि प्रथमच एका प्रापंचिक, म्हणजे धर्मभगिनी नसलेल्या, शिक्षिकेने ते पद स्वीकारले. प्रवेशाचा विचार करणारे पालक सध्या हेच विचारतात की शाळा आता पूर्वीसारखी राहिली आहे का, म्हणून हा अभिप्राय मुख्यतः त्या बदलापुरता आहे. वर्ग, मैदान, प्रयोगशाळा होत्या तशाच आहेत आणि चांगल्या आहेत.

आधी तक्रार नोंदवतो. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी मुलांच्या दप्तरातून चार ओळींचे पत्र घरी आले, त्यात ईश्वरी योजनेनुसार सिस्टरांकडे दुसरी जबाबदारी सोपवण्यात आल्याचे कळवले होते आणि पुढे कोण येणार याचा उल्लेखही नव्हता. ईश्वरी योजनेबद्दल आमचे काही म्हणणे नाही, पण ती आम्हाला थोडी आधी कळवता आली असती. व्रतस्थ व्यक्तीची बदली वरिष्ठांच्या आदेशाने होते, त्यात पालकांचे मत घेण्याची पद्धत नाही, हे मान्य केले तरी पालक-शिक्षक संघाची एक सभा घेऊन नव्या बाईंची ओळख करून देण्यात कोणतेही व्रत आड येत नव्हते. सुट्टीभर अफवांना ऊत आला, आणि शाळा आता विकणार इथपर्यंत चर्चा पोहोचली.

सिस्टर नाहीत म्हणजे शाळा कॅथलिक राहिली नाही, अशी काही पालकांची समजूत झाली आहे आणि तिला आधार नाही. 1983 च्या चर्च कायद्यानुसार शाळेचे कॅथलिकपण ठरते ते तिचे संचालन कोणत्या चर्च-मान्य संस्थेकडे आहे यावरून किंवा धर्माधिकाऱ्यांच्या लेखी मान्यतेवरून. मुख्याध्यापकाने झगा घातलेला असावा अशी त्यात अट नाही. शाळांमध्ये प्रापंचिकांचे प्रमाण वाढत असल्याची दखल व्हॅटिकनच्या शिक्षणविषयक विभागाने 1982 सालीच एका स्वतंत्र दस्तऐवजात घेतली होती. शिक्षणकार्याला वाहिलेल्या धर्मसंघांत नवे उमेदवार कमी येत आहेत हे कारण त्यात मोकळेपणाने नोंदवले आहे. मात्र प्रापंचिकांचे काम ही केवळ तात्पुरती सोय नसून तेही एक पाचारण, म्हणजे ईश्वराचे बोलावणे, आहे, असेही त्यात ठामपणे म्हटले आहे. आमच्या शाळेच्या पत्रात यातले एक वाक्य जरी असते तरी निम्म्या शंका तिथेच मिटल्या असत्या.

प्रत्यक्ष कारभाराबद्दल सांगायचे तर नव्या बाई कामाला चोख आहेत. पूर्वी शुल्क-सवलतीचा अर्ज केला की त्याचे काय झाले हे कार्यालयाच्या खिडकीशी चार वेळा उभे राहूनही कळत नसे. आता अर्जाची पोच मिळते आणि निर्णय कारणासह लेखी येतो. वर्गशिक्षिकेविषयीच्या एका तक्रारीत बाईंनी दोन्ही बाजू समोरासमोर बसवून ऐकल्या, स्वतः टिपणे घेतली आणि ती शेवटी वाचून दाखवून दोघांच्या सह्या घेतल्या. सिस्टरांच्या काळात अशी तक्रार त्यांच्या एका मृदू शब्दावर मिटायची, म्हणजे पुष्कळदा मिटायचीच नाही.

तरीही सिस्टरांची उणीव जाणवते, आणि ती कागदावर भरून निघणारी नाही. त्या शाळेच्या आवारातच राहत. सकाळी फाटकाशी उभ्या असत आणि रडवेल्या मुलाला नावाने हाक मारून त्याच्या आजारी आजीची चौकशी करत. बाईंना स्वतःचा संसार आहे, त्या ठरल्या वेळी येतात आणि ठरल्या वेळी जातात. त्यांच्याकडून चोवीस तासांची अपेक्षा ठेवणे अन्यायाचे होईल. सकाळची प्रार्थना आणि मूल्यशिक्षणाचा तास मात्र तसाच चालू आहे. इतर धर्मांच्या मुलांना त्यात अवघडल्यासारखे वाटू नये याची काळजीही पूर्वीइतकीच घेतली जाते, हे मला महत्त्वाचे वाटते.

खरा प्रश्न अधिकारांचा आहे. शिक्षकांची नेमणूक, शुल्क आणि मोठा खर्च यांचे निर्णय आजही संस्थेच्या वरिष्ठ सिस्टर घेतात, आणि त्या पालकांना भेटत नाहीत. पूर्वी मुख्याध्यापिका त्याच संस्थेच्या असल्यामुळे आमचे म्हणणे घरातल्या घरात वर पोहोचत असे. आता बाईंना प्रत्येक गोष्टीसाठी वर विचारावे लागते. वाचनालयासाठी नव्या पुस्तकांची यादी त्यांनी पहिल्या सत्रातच पाठवली होती, तिला अजून मंजुरी नाही. जबाबदारी बाईंची आणि सही दुसऱ्याची, ही व्यवस्था फार काळ टिकेल असे वाटत नाही.

अध्यापनाचा दर्जा घसरलेला नाही. गणित आणि भाषा या विषयांचे जुने शिक्षक टिकून आहेत, हे बाईंचेच श्रेय. माझ्याकडून शाळेला पाचपैकी चार तारे, आणि कापलेला तारा संपूर्णपणे व्यवस्थापनाच्या खात्यावर. प्रवेशासाठी भेटायला जाल तेव्हा बाईंना अभ्यासक्रमाबद्दल विचाराच, पण संस्थेच्या प्रतिनिधीची भेट कधी मिळेल हेही विचारून त्याचे उत्तर लेखी मागा.