संगीत शिकवणाऱ्याची पीएचडी: रजा काढून की वर्ग सांभाळून?

सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा झालेली, अनुदानित महाविद्यालयात संगीताची कायम जागा, पाच-सहा वर्षं शिकवून झालेली आणि संशोधनाचा विषयही मनात ठरलेला: संगीत कसं शिकवावं. इथवर आलेला माणूस हमखास अडतो तो एकाच ठिकाणी. नोंदणी अर्धवेळ करायची की अध्ययन रजा काढून पूर्णवेळ? मी अर्धवेळ केली, पाच वर्षं आणि वर दोन महिने लागले. मधलं एक सत्र महाविद्यालयाने मला कोर्सवर्कसाठी, म्हणजे पीएचडीच्या सक्तीच्या अभ्यासक्रमासाठी, कामातून मोकळं केलं होतं, त्यामुळे रजेवरच्या माणसाचं आयुष्यही सहा महिने जगून पाहिलं. पुढचं सगळं त्या अनुभवावर बेतलेलं आहे.

एक गैरसमज आधी दूर करतो. अर्धवेळ पदवी कमी प्रतीची नसते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमावलीत दोन्हींची मुदत सारखीच आहे आणि कोर्सवर्क, दर सत्राला सल्लागार समितीपुढचं सादरीकरण, तोंडी परीक्षा, यातलं काहीच अर्धवेळवाल्याला चुकत नाही. फरक इतकाच, की त्याला महाविद्यालयाचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं आणि जेआरएफ या संशोधनवृत्तीवर पाणी सोडावं लागतं. पगार चालू असतो, म्हणून त्याचं मला फार वाटलं नाही.

रजेच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे, आणि पहिली गोष्ट रियाजाची. त्या मोकळ्या सत्रात मी सकाळी अडीच-तीन तास गात होतो. लग्नानंतर पहिल्यांदाच. अर्धवेळच्या बाकीच्या वर्षांत प्रबंधाने पहिला घास घेतला तो रियाजाचाच, कारण वर्ग चुकवता येत नाही, घर चुकवता येत नाही, आणि पहाटेचा तास कुणी मागायला येत नाही. गाणाऱ्या माणसाने हा हिशेब आधी मांडावा. माझा आवाज तिसऱ्या वर्षी वरच्या षड्जाला थकू लागला होता. तो पूर्ववत व्हायला नंतर वर्ष गेलं.

दुसरी गोष्ट महाविद्यालयातल्या संगीत विभागाची. इतर विषयांच्या प्राध्यापकाचे तास संपले की त्याचा दिवस त्याचा. आपल्याकडे उद्घाटन असो, निरोप समारंभ असो, महाविद्यालयाचं मूल्यांकन करणारी नॅकची समिती असो, ईशस्तवन आणि स्वागतगीत बसवून द्यायचंच. युवा महोत्सवाच्या दिवसांत तर समूहगीत, सुगम, नाट्यगीत, सगळ्यांच्या तालमी. त्या काळात माझ्या प्रबंधाचं पानही हलत नसे. अर्धवेळ करणाऱ्याने हे दिवस वर्षातून वजाच धरावेत.

हे सगळं माहीत असूनही मी रजेचा अर्ज केला नाही. कारण सांगायचं तर विषय थोडा उलगडावा लागेल.

माझं काम मिश्र वर्गातल्या स्वरपट्टीवर होतं. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला अठरा-वीस विद्यार्थी, मुलं साधारण काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला षड्ज धरून) गाणारी, मुली काळी चार-पाचला. तानपुरा एक. काळी एकचा पंचम म्हणजे काळी चार, म्हणून पुष्कळ शिक्षक मुलींना त्या पंचमालाच षड्ज मानून गायला सांगतात. सोय चांगली आहे, पण मग मुलांचा षड्ज मुलींच्या कानात मध्यम होऊन वाजत राहतो. बागेश्री रागात हे खपून जातं. भूपात मुलींना आलापभर वर्ज्य, म्हणजे त्या रागात न लागणारा, मध्यम ऐकत गावं लागतं. मालकंसात उलटं होतं: मुलींना हवा तो मध्यम मिळतो आणि मुलांच्या कानात वर्ज्य पंचम घुमतो. पहिल्या वर्षाची मुलगी भूपात गंधारावर का डगमगते, याचं उत्तर तिच्या गळ्यात शोधायचं की तानपुऱ्यात, हा माझा प्रश्न. तो सोडवायचा तर आठवड्यामागून आठवडे, त्याच मुलांवर, पट्टी आणि तार बदलून बघावं लागतं.

कोर्सवर्कच्या सत्रात माझा वर्ग तासिका तत्त्वावरच्या एका शिक्षकांकडे गेला. चांगले गाणारे गृहस्थ. त्यांनी त्यांच्या पद्धतीने सगळ्या वर्गाला काळी दोनला आणलं. मुलं ताणून आणि मुली खर्जात गायल्या, पण वर्ग एका सुरात चालला. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, मात्र माझा प्रयोग तिथेच थांबला. मग मी निरीक्षणासाठी बसायचं ठरवलं, तर प्रत्येक वेळी लेखी परवानगी. अर्ज विभागात, तिथून प्राचार्यांकडे, तिथून शेरा होऊन परत. परवानगी हातात पडेपर्यंत भूप संपून दुसरा राग सुरू झालेला असे. असं तीनदा झालं. सबंध सत्रात पाच वेळा मागच्या बाकावर बसायला मिळालं, आणि त्या पाचही वेळा मुलं माझ्याकडे बघून गात होती. जुने सर रेकॉर्डर घेऊन मागे बसलेत म्हटल्यावर कुठली मुलगी मोकळा गंधार लावणार? ती ध्वनिमुद्रणं मी प्रबंधात वापरलीच नाहीत.

सहा महिन्यांत ही गत, तर दोन-तीन वर्षांच्या रजेत काय झालं असतं? ज्याला शिकवण्याचा अभ्यास करायचा आहे त्याने स्वतःचा वर्ग सोडणं मला तरी पटलं नाही. पुन्हा रुजू झालो आणि पहिल्याच आठवड्यात एक दिवस मुलांचा, एक दिवस मुलींचा तानपुरा लावायला लागलो. कुणाला विचारावं लागलं नाही.

सेवेच्या हिशेबातही एक गोष्ट आहे. आयोगाच्या २०१८च्या नियमावलीप्रमाणे रजा न घेता, शिकवता शिकवता केलेल्या संशोधनाचा काळ अध्यापनाचा अनुभव म्हणून धरतात. रजेवरच्या काळाला ती सवलत नाही. शिवाय रजेवरून परतल्यावर तीन वर्षं त्याच संस्थेत राहण्याचं बंधपत्र असतं. आपल्या प्रकरणात हे नेमकं कसं लागू होईल ते उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयात विचारून घेतलेलं बरं.

विषय वेगळा असेल तर माझा सल्लाही कदाचित वेगळा असेल. समजा, महाराष्ट्रातलं वर्गशिक्षण कसं घडलं यावर काम करायचं आहे. मग १८७४चा पुणे गायन समाज, १८८६चं बडोद्याचं मौलाबक्षांचं विद्यालय, १९०१ साली लाहोरला निघालेलं पलुस्करांचं गांधर्व महाविद्यालय, भातखंड्यांनी भरवलेली १९१६ची बडोद्याची परिषद, असा पसारा आहे. जुनी क्रमिक पुस्तकं, हजेरीपत्रकं, अहवाल हे रविवारी जाऊन येऊन बघण्याचं काम नव्हे. तिथे बडोद्याला महिनाभर मुक्काम ठोकता यायला हवा, आणि तो रजेशिवाय जमत नाही. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी अशाच विषयासाठी रजा घेतली आणि माझ्या आधी दीड वर्ष प्रबंध दिला.

नोंदणी संगीतात करायची की शिक्षणशास्त्रात, हेही पुष्कळजण विचारतात. मी संगीतात केली आणि सहमार्गदर्शक शिक्षणशास्त्रातले घेतले. संगीतातल्या गाइडना गंधार कुठे हलला ते ऐकू येतं. पूर्वचाचणी-उत्तरचाचणीची शिस्त दुसऱ्यांनी लावली. दोघांची गरज पडली.

अर्धवेळ करायचं ठरलंच, तर ना हरकत प्रमाणपत्र मोघम घेऊ नका. संशोधनाला पुरेसा वेळ देता येईल आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी कामातून मोकळं केलं जाईल, ही दोन्ही वाक्यं त्यात स्पष्ट हवीत. नियमावलीलाही ती अपेक्षित आहेत. आणि वेळापत्रक बनवणाऱ्याशी जूनमध्येच बोला. मी दर वर्षी एकच मागणी केली: पहिल्या वर्षाचा प्रात्यक्षिकाचा वर्ग सकाळचा आणि माझ्याचकडे. बाकी तास कसेही लावा म्हटलं. ते कोर्सवर्कचं सत्र सोडलं तर ती मागणी दर वेळी मान्य झाली. म्हणून आज माझ्याकडे पाच वेगवेगळ्या तुकड्यांनी, त्याच खोलीत, दोन्ही पट्ट्यांत लावलेल्या तानपुऱ्यावर गायलेला भूप आहे, आणि प्रबंधाचं चौथं प्रकरण सगळं त्या ध्वनिमुद्रणांवर लिहिलेलं आहे.