बर्फाळ उतारावर इंजिन ब्रेक की पायाचा ब्रेक?

कॅनडातला कोक्विहाला महामार्ग होप आणि मेरिटच्या मधे १,२४४ मीटर उंचीची खिंड ओलांडतो. कोरड्या दिवशी अशा उतारावर ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकसाठी इंजिन ब्रेकला, म्हणजे इंजिनाच्याच अवरोधाने वेग रोखणाऱ्या यंत्रणेला, तोड नाही. पायाचे ब्रेक थंड राहतात, खालपर्यंत त्यांची ताकद शाबूत असते.

रस्त्यावर बर्फाचा थर असेल तर मात्र मी तो बंदच ठेवायला सांगेन. इंजिन ब्रेक फक्त इंजिनाला जोडलेल्या चाकांना रोखतो, ट्रेलरची चाकं मोकळीच. ट्रकची ही चाकं घसरली की मागचं धूड रेटत येतं आणि ट्रक-ट्रेलर मधोमध दुमडतात. रिकामा ट्रेलर असेल तर धोका आणखी मोठा, कारण चाकांवर वजनच नसतं.

पायाचा ब्रेक जोर सगळ्या चाकांवर वाटतो, एबीएस ही यंत्रणा चाकं जाम होऊ देत नाही. पण एबीएस पकड निर्माण करत नाही, हे कृपा करून लक्षात ठेवा! सतत दाबून धरला तर ब्रेकचे ड्रमही तापतात. म्हणून उताराआधीच वेग कमी, गिअर खालचा. ब्रेक हलका, आणि तोही वळणात शिरण्यापूर्वी.

ब्रेक कोणताही वापरा, बर्फात पकड देणाऱ्या टायरवरच्या साखळ्या सोबत हव्यातच. ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरी महामार्गांवर ११,७९४ किलोंहून जड ट्रकला हिवाळ्यात त्या बाळगणं बंधनकारक आहे.