गार झाल्यावर घेतलेलं माप: सुपरहिरो, जादू आणि कार्टूनचे आठ महिने

लेथवर जॉब (म्हणजे घडवायचा लोखंडी भाग) तापलेला असताना मायक्रोमीटर लावायचा नाही, हे कोल्हापूरच्या उद्यमनगरात कामाला लागलेल्या पोराला पहिल्याच आठवड्यात सांगतात. गरम असताना बरोब्बर भरलेलं माप गार झाल्यावर कमी भरतं आणि जॉब परत येतो. असे जॉब मी परत घेतलेत, आणि अशी मतंही. मालिका संपल्या संपल्या रात्री साडेअकराला ग्रुपवर 'नाद खुळा' टाकायचं आणि महिन्याभरानं कुणी विचारलं, त्यात झालं काय, की डोकं खाजवायचं. म्हणून गेल्या दसऱ्याला टीव्ही घेतल्यापासून जे बघितलं त्यावर आत्ता, आठ महिने गेल्यावर लिहितोय. यातलं बरंचसं तुमचं आधीच बघून झालं असेल, माझ्यापर्यंत उशिरा आलं. शेवट सांगून टाकलेत. चालत नसेल त्यानं इथूनच मागं फिरावं.

टीव्ही 43 इंची. (हा आकडा कोल्हापुरात पंचगंगेमुळं पाठ असतो. राजाराम बंधाऱ्यावर पाणी 43 फुटांवर गेलं की धोका पातळी.) हे उगाच सांगत नाही, 'द पेंग्विन' माझ्या डोक्यात शिरली ती पाण्यातूनच. मालिका सुरू होते तेव्हा गॉथम शहर नुकतंच पुरातून बाहेर आलंय. क्राउन पॉइंट ही गरिबांची वस्ती गेलीय, आणि घरचे सगळे गमावलेला व्हिक नावाचा तोतरा पोरगा ऑझच्या (हाच पेंग्विन) गाडीवर हात मारताना सापडतो. 2019 चा पूर उतरल्यावर भिंतीवर राहिलेली चिखलाची रेघ ज्यानं घासलीय त्याला हे पोरगं परकं वाटत नाही. बॅटमॅनच्या दुनियेतली मालिका, आणि आठ भागांत बॅटमॅन येतच नाही. मला तर दुसऱ्या भागानंतर त्याची आठवणही झाली नाही.

ऑझचं काम केलेला कॉलिन फॅरेल त्या मेकअपखाली ओळखू येत नाही, हे सगळ्यांनी सांगून झालंय. दुसऱ्यांदा बघताना मी त्याचा फक्त पाय बघितला. अधू पाय ओढत चालणं कुठल्याच प्रसंगात विसरलेलं नाही, घाईत असतानाही नाही. आणि शेवट! सगळं जिंकल्यावर दोघं रात्री नदीकाठी बाकावर बसलेत. व्हिक सांगतो, तू मला घरच्यासारखा आहेस. तेवढ्यावर ऑझ त्याचा गळा आवळतो. वर त्याच्या पाकिटातल्या नोटा काढून स्वतःच्या खिशात घालतो आणि ओळखपत्र पाण्यात टाकतो. खून मी एकवेळ पचवला असता, पण त्या नोटा नाही पचल्या. सकाळी रंकाळ्यावर फिरायला गेलो तर एका बाकावर दोन मित्र गळ्यात हात टाकून बसलेले. मी निष्कारण दोनदा वळून बघितलं. ऑझच्या विरोधातल्या सोफियाचं काम केलेल्या क्रिस्टिन मिलियोटीला 2025 मध्ये एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला. तिच्यावर खर्ची पडलेला चौथा भाग एकटा बघितला तरी त्याचं कारण कळतं.

आता एक कबुली. 'द रिंग्स ऑफ पॉवर'चा पहिला सीझन मी अर्ध्यात सोडला होता. देखावा बघून डोळे दिपतात, पण माणसं कॅलेंडरवरच्या चित्रासारखी उभी. दुसरा सीझन मित्राच्या हट्टापायी लावला आणि त्यात केलेब्रिंबॉर भेटला. हा एल्फ, म्हणजे शतकानुशतकं जगणाऱ्या लोकांचा मोठा कारागीर. लोहार म्हणा, सोनार म्हणा. त्याच्याकडं सॉरॉन हा गोष्टीतला खलनायक वेष बदलून येतो. तलवार-बिलवार काही नाही. गोड बोलतो. तुझ्यासारखा हात साऱ्या दुनियेत नाही, म्हणतो. आणि त्याच्याकडूनच अंगठ्या घडवून घेतो.

आमच्या गल्लीत असं गिऱ्हाईक दर दिवाळीला एक तरी येतं. नाव घेत नाही, पण एकानं माझ्याकडं तीन आठवडे चहा पीत, 'तुमच्यासारखं फिनिशिंग पुण्यातसुद्धा नाही हो' म्हणत फिक्स्चरचं आख्खं ड्रॉइंग माझ्याकडून काढून घेतलं आणि ऑर्डर दुसरीकडं दिली. त्यामुळं केलेब्रिंबॉरचा प्रत्येक प्रसंग मी टीव्हीकडं बोट करून 'अरे, नको ऐकूस' म्हणत बघितला. बायको आतनं म्हणाली, "त्याला सांगताय, तवा तुमाला कुणी सांगितलं न्हाई का?"

त्यातला सातवा भाग जमलं तर सवडीनं बघा. बाहेर शहराला वेढा पडलाय आणि आत सॉरॉननं त्याला खोटी शांतता दाखवून कामाला जुंपलंय. खिडकीबाहेर ऊन, सगळं आबादीआबाद. हे फसवं आहे हे त्याला कशावरनं कळतं? मेणबत्ती जळतेय पण वितळत नाही. तोच उंदीर तसाच पुन्हा पुन्हा जातोय. आयुष्यभर बारकावे बघितलेल्या माणसाला बारकाव्यातूनच सत्य सापडतं. नंतर बेडीतून हात सोडवायला तो स्वतःचा अंगठा तोडतो. कारागिरानं अंगठा तोडायचा म्हणजे काय, हे बोट गमावलेला एक तरी ऑपरेटर ओळखीत असलेल्यांना विचारा. बाकी मालिकेत केसाळ बुटक्यांचा तो सगळा प्रवास आहे, त्या वेळात मी पाणी भरून घेतो.

'हाउस ऑफ द ड्रॅगन'चं मात्र गार झाल्यावर माप फार उतरलं. दुसऱ्या सीझनचे आठही भाग बघताना एकदाही कंटाळलो नव्हतो. आज आठवायला बसलो तर चौथ्या भागातली ड्रॅगनची झुंज तेवढी आठवते. शेवटी सगळी सैन्यं निघतात, जहाजं निघतात, आणि सीझन संपतो. लग्नाची वरात मांडवापर्यंत आणून अक्षता दोन वर्षांनी, असा प्रकार. शिवाय निम्मी मालिका अंधारात. ट्यूबलाइट बंद करून, खिडकीला चादर लावून बघितली तरी कोण कुणाशी बोलतंय हे आवाजावरनंच ओळखायचं.

त्याच दुनियेतली 'अ नाइट ऑफ द सेव्हन किंग्डम्स' उलटी. सहाच भाग, तेही आटोपशीर, ड्रॅगनची भानगड नाही. डंक नावाचा धिप्पाड पण साधा गडी. त्याचा गुरू वाटेत मेलाय आणि हा गुरूचीच हत्यारं घेऊन स्पर्धेला आलाय. तिथं विचारतात, तू कुणाचा? हा गुरूचं नाव सांगतो, तर ते कुणाच्या लक्षातच नाही. खासबागेच्या मैदानात लांबच्या खेड्यातला पैलवान एकटा उतरला आणि त्याच्या वस्तादाचं नाव पंचांनी ऐकलेलंच नसलं तर काय होईल, तेच इथं होतं. शेवटी एका राजपुत्राला त्या म्हाताऱ्याशी झालेली लढत आठवते, तेव्हा कुठं वाट मोकळी होते. तालमीच्या गावातल्या माणसाला ही गोष्ट इस्कटून सांगावी लागत नाही.

कार्टूनवर येतो. घरात अजून 'कार्टून' म्हणजे पोरांचं. 'आर्केन'चा तिसरा भाग बघून बायकोनं तो शब्द मागं घेतला. पावडर या चिमुरडीनं मदत म्हणून टाकलेल्या बॉम्बनं स्वतःचीच माणसं मरतात, आणि मोठी बहीण तिला मारून निघून जाते. पॅरिसच्या फॉर्टिश स्टुडिओचं हे काम. आकृत्या कॉम्प्युटरवरच्या, पण चेहऱ्यावर ब्रशचे फटकारे दिसतात, धूर आणि ठिणग्या हातानं काढल्यासारख्या. दोन्हींचा सांधा शोधायला मी चित्र थांबवून थांबवून बघितलं, सापडला नाही. बाबूराव पेंटरांच्या गावात राहून हे कौतुक करतोय. स्वतः कॅमेरा बनवणाऱ्या त्या माणसाला हे दाखवायला पाहिजे होतं, असं सारखं वाटत राहिलं. पहिला सीझन 2021 चा, दुसरा 2024 चा, नऊ-नऊ भाग. दुसऱ्याबद्दल माझी तक्रार आहे: चार सीझनचा माल एका पोत्यात कोंबलाय. शेवटच्या तीन भागांत कोण कुणाच्या बाजूनं लढतंय हे मला दोनदा बघूनही पक्कं सांगता येत नाही. पण सातव्या भागात लहानपणचा दोस्त एक्को आणि पावडर नाचतात ना, चित्र मुद्दाम अडखळत जातं, तेवढ्यासाठी बाकीचं माफ.

'इन्व्हिन्सिबल'ची गोष्ट वेगळी. तिथं फिनिशिंग सरळ सरळ कच्चं आहे. गर्दी पुतळ्यासारखी उभी, विमानं एकाच चित्राची. मजा म्हणजे त्यांना स्वतःलाही ते ठाऊक आहे. दुसऱ्या सीझनमध्ये एक कार्टूनवाला खर्च वाचवायच्या युक्त्या सांगत असतो आणि तो सांगेल ती युक्ती पडद्यावर त्याच क्षणी वापरलेली असते. हसलो, पण गिऱ्हाईकाला 'जॉब ओबडधोबड आहे बघा' असं आपणच सांगितलं म्हणून जॉब गुळगुळीत होत नाही. तरी तिसऱ्या सीझनचा शेवटचा भाग विसरता येत नाही. कॉन्क्वेस्ट नावाचा राक्षसी म्हातारा मार्कला (हाच इन्व्हिन्सिबल) अर्धमेला करतो, आणि मध्येच थांबून हळूच सांगतो की मी फार एकटा आहे, माझे लोकसुद्धा मला भितात. मग पुन्हा मारायला लागतो.

'एक्स-मेन 97' आईसोबत बघितली, ती तांदूळ निवडत होती म्हणून. पाचव्या भागात जेनोशा हे अख्खं बेट बेचिराख होतं, गॅम्बिट हा हिरो सगळ्यांसाठी जीव देतो. माझ्या घशात आवंढा. आईनं विचारलं, "मेला व्हय त्यो?" म्हटलं, हो. दोन भागांनी मेलेला समजलेला मॅग्नेटो जिवंत निघाला आणि शेवटी गॅम्बिटचा खेळायचा पत्ताही कुणीतरी उचलला, म्हणजे तोही परत येणार असं दिसलं, तेव्हा तिनं सूप खाली ठेवलं. "मग मला कशापायी रडवलंस?" सुपरहिरोंच्या धंद्यातली सगळ्यात मोठी चोरी तिनं तांदूळ निवडता निवडता पकडली. तिची स्वतःची मालिका 'द लीजंड ऑफ हनुमान'. शरद केळकरचा आवाज लागला की घरात कुणी मिक्सर लावायचा नाही.

सातवीतल्या पोरीची 'फ्रीरेन'. मला वाटलं होतं, जादू आहे म्हणजे मारामारी असेल. ही गोष्ट राक्षसाला मारून झाल्यावर सुरू होते. हजार वर्षांहून जास्त जगलेली एल्फ, तिला दहा वर्षांचा सोबतीचा प्रवास म्हणजे किरकोळ. पन्नास वर्षांनी परत भेटते तर त्या प्रवासातला सोबती हिमेल म्हातारा झालेला, आणि त्याच्या अंत्ययात्रेत तिला रडू फुटतं की याला आपण ओळखूनच घेतलं नाही. जपानी आवाज, खाली इंग्रजी अक्षरं, आणि पोरगी आज्जीला कोल्हापुरीत भाषांतर करून सांगते: "आज्जी, ती म्हणतीया, मला कळायला उशीर झाला." 28 भाग आम्ही रोज एक या हिशेबानं बघितले. घाईनं बघितली तर ही मालिका हाताला लागत नाही.

तक्रारी? पैसे भरूनही मध्ये जाहिराती. मराठी सबटायटल मला एकाही मालिकेला सापडलं नाही. एका ॲपनं न विचारता प्लॅन पुढं वाढवला, ते पैसे परत मिळायला दीड महिना लागला आणि तेवढ्यात माझा आवाज दोनदा चढला.

आता दसऱ्याला सगळे प्लॅन संपतायत. घरात ठरलंय, ॲप एकच ठेवायचं. 'पेंग्विन' आणि 'हनुमान' एकाच ठिकाणी असल्यानं माझं आणि आईचं मत एक झालं. पोरगी परवापासून बोलत नाही. काल सांगून गेली, "पप्पा, तुमच्यात ऑझ शिरलाय."