प्राग-व्हिएन्ना-बुडापेस्ट की व्हेनिस-फ्लोरेन्स-रोम?

आम्ही दोघांनी दोन्ही केलंय, ट्रेननेच, आणि निवांत फिरायचं असेल तर माझं मत पहिल्याला. प्राग ते व्हिएन्ना साधारण 4 तास, पुढे बुडापेस्ट पावणेतीन तासांच्या आसपास, डायनिंग कारमध्ये गरम सूप घेऊन बसायचं, बाहेर शेतं आणि कौलारू गावं, आमचे हे तर ब्रनो येईपर्यंत घोरत होते. सीट रिझर्व्हेशन बहुतेक गाड्यांना कंपल्सरी नाही, पण सीझनला करूनच ठेवा. डोकेदुखी एकच, 3 देश 3 चलनं, कोरुना, युरो, फोरिंट, पर्समध्ये नुसती चिल्लर.

इटलीत गाड्या सुसाट, फ्लोरेन्स ते रोम दीडेक तास, डबा उघडेपर्यंत उतरायची वेळ! हायस्पीडला सीट ठरलेली, गाडी चुकली की स्वस्तातलं तिकीट गेलंच समजा. पण व्हेनिसला पोचताना दोन्ही बाजूंना पाणी आणि सांता लुचिया स्टेशनच्या पायऱ्या उतरलं की समोर थेट ग्रँड कॅनॉल, तिथे मी बॅग खाली ठेवून नुसती बघत राहिले, तसं प्रागला नाही झालं खरं. फक्त पुलांच्या पायऱ्यांवर बॅगा उचलायची तयारी ठेवा, गुडघे दुखत असतील तर हॉटेल स्टेशनजवळच घ्या.