५ई३चा खर्ज आवरायचा तर कपलिंग कपॅसिटर बदलावा की कॅथोड बायपास?

फेंडरचं ५ई३, म्हणजे १९५५ ते १९६० या काळातलं ट्वीड डिलक्स हे ट्यूबचं गिटार अँप, ज्यांनी घरी बांधलंय त्यांना हा प्रश्न आज ना उद्या पडतोच. हंबकरची (दोन कॉइलच्या पिकअपची) गिटार लावून व्हॉल्यूम अर्ध्याच्या पुढे नेला की खर्जाच्या तारा फुगतात. सहावी तार जोरात छेडली तर सूर क्षणभर दबतो आणि मग उशिरा वर येतो. सिंगल-कॉइल पिकअपच्या टेलिकास्टरवर हेच अँप इतकं मोकळं बोलतं की सर्किटला नावं ठेवायला जीभ धजत नाही. पण घरात हंबकरचीच गिटार असेल तर काय करायचं? अँपवर टोनचं एकच बटण आहे आणि ते वरच्या सुरांचं, खर्जाला हात लावणारं बटणच नाही. म्हणून कपॅसिटर.

दोन रस्ते आहेत. पहिला लोकप्रिय आहे: पहिल्या ट्यूबच्या, १२एवाय७च्या, प्लेटकडून (सिग्नल बाहेर पडतो ते टोक) व्हॉल्यूमकडे जाणारे ०.१ मायक्रोफॅरडचे दोन कपलिंग कपॅसिटर काढून ०.०२२चे लावायचे. दुसऱ्याची चर्चा कमी होते: पुढची ट्यूब १२एएक्स७, तिच्या पहिल्या भागात कॅथोडच्या १.५ के (किलोओहम) रेझिस्टरला समांतर असलेला २५ मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक, म्हणजेच कॅथोड बायपास, काढून तिथे १ किंवा ०.६८ बसवायचा. ०.०२२ आणि ०.६८ हे दोन्ही आकडे आपल्या कानावर मार्शल अँपमुळे पडलेत. तिथे शोभले म्हणून ५ई३मध्येही शोभतील, असं मात्र नाही.

मी हे दोन्ही करून पाहिलं. आधी ०.०२२ लावले. पहिल्या संध्याकाळी अँप एकदम नेटकं वाटलं. फ्लॅटमध्ये व्हॉल्यूम दोन-अडीचच्या वर नेता येत नाही; त्या आवाजात खर्ज आवरला गेला होता. मात्र चार दिवसांत तोच आवाज रोडावलेला वाटू लागला. साध्या कॉर्डखालचा आधारच गेला होता. मग रविवारी मित्राच्या गोडाऊनमध्ये अँप नेलं, व्हॉल्यूम आठवर ठेवला, आणि सहावी तार पुन्हा जशीच्या तशी फुगली. घरी खर्ज हवा होता तिथे तो गेला, आणि जिथे जायला हवा होता तिथे ठाण मांडून बसला. माझा निर्णय या एका त्रासानेच झाला.

कारण व्हॉल्यूमच्या जोडणीत आहे. मार्शलमध्ये सिग्नल पॉटच्या (व्हॉल्यूमच्या बटणामागचा फिरता रेझिस्टर) वरच्या टोकाला येतो, त्यामुळे कपॅसिटरला कायम पूर्ण पॉटचा भार दिसतो. ५ई३मध्ये सिग्नल पॉटच्या मधल्या पायावर येतो आणि वरच्या टोकातून पुढे जातो. त्यामुळे बटण फिरवलं की कपॅसिटरसमोरचा रेझिस्टन्सही फिरतो. व्हॉल्यूम कमी असताना मधला पाय आणि ग्राउंड यांच्यात थोडेच के उरतात. समजा पन्नास उरले, तर ०.०२२चा कपॅसिटर शंभर हर्ट्झच्या आसपासच कापायला लागतो. गिटारची मोकळी सहावी तार ८२वर आहे. व्हॉल्यूम पूर्ण उघडला की दुसऱ्या चॅनलचा पॉट धरूनही पाचएकशे के दिसतात आणि कापण्याची जागा पंधरा हर्ट्झच्या खाली उतरते. म्हणजे कापलं जातच नाही. दोन्ही चॅनलचे पॉट एकमेकांवर परिणाम करतात, हा या अँपचा लाडका गुण. त्याच जोडणीची ही दुसरी बाजू.

कॅथोड बायपासला व्हॉल्यूमशी देणंघेणं नाही. बटण दोनवर असो वा दहावर, खर्ज तेवढाच कमी होतो. शिवाय तो तळापासून कापला जात नाही. बायपास पूर्ण काढून टाकला तरी त्या टप्प्याचा गेन (सिग्नल वाढवण्याचं प्रमाण) साधारण निम्मा होतो, म्हणजे सहाएक डेसिबल. कपॅसिटर लहान केला की ही घट फक्त खालच्या सुरांना लागू होते. ०.६८ लावला तर ती तीनशे हर्ट्झजवळ सुरू होऊन दीडशेपर्यंत बहुतेक पूर्ण होते. १ मायक्रोफॅरडला हाच पट्टा दोनशे ते शंभर, आणि २.२ला नव्वद ते पन्नास. म्हणून २.२ लावला की ‘काही बदललंय का?’ असं विचारावंसं वाटतं, आणि ०.६८ लावला की हंबकर खुलतो पण टेलिकास्टर किंचित कोरडी होते. दोन्ही गिटार वाजवणाऱ्याने १ घ्यावा, असं माझे कान सांगतात. तुमचा स्पीकर वेगळा असेल तर २.२ही पुरेल कदाचित.

काम करायलाही हीच जागा सोयीची. कॅथोडवर दीडएक व्होल्टच असतात, त्यामुळे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणारा कमी व्होल्टचा साधा फिल्म कपॅसिटर पुरतो. कपलिंगच्या जागी मात्र किमान ४०० व्होल्टचा हवा, ६०० किंवा ६३०चा असला तर उत्तम. ६व्ही६कडे, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या पॉवर ट्यूबकडे, जाणारा कपॅसिटर डीसी गळू लागला तर तिच्या ग्रिडवर (सिग्नल आत येतो ते टोक) पॉझिटिव्ह व्होल्टेज चढतं आणि ट्यूबची प्लेट लाल होऊ शकते. सोल्डरचा एक डाग काढून एक डाग द्यायचा असला तरी शेजारच्या तारांवर शेकडो व्होल्ट असतात, हे लक्षात असू द्या. प्लग काढा, फिल्टर कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामे करा, मीटर लावून खात्री करा, मगच हात घाला. दोन वेगळ्या मायक्रोफॅरडचे कपॅसिटर स्विचवर घ्यायचे असतील तर स्विचला समांतर १ मेगओहमचा रेझिस्टर ठेवा, म्हणजे बदलताना ‘ठप्प’ होणार नाही.

कपॅसिटर ऑरेंज ड्रॉपचा की मॅलरीचा, हा वाद मी मुद्दाम बाजूला ठेवलाय. मायक्रोफॅरडचा आकडा तोच ठेवून कंपनी बदलल्यावर मला जो फरक ऐकू येतो तो इतका बारीक आहे की डोळे मिटून ओळखेन, असं म्हणणार नाही. ऑरेंज ड्रॉपचे दोन्ही पाय एकाच बाजूला, त्यामुळे तो बोर्डवर उभा राहतो. मॅलरी १५० आडवा पडतो आणि अरुंद चॅसीत बरा बसतो. एवढं पाहून घेतलं की झालं.

कपलिंगची बाजू पूर्ण पडती नाही. ६व्ही६च्या ग्रिडवर जाणारे दोन ०.१ बदलण्यासारखे आहेत, पण कारण वेगळं. जोरात वाजवलं की ग्रिड करंटने हे कपॅसिटर भरतात आणि २२० केमधून सावकाश रिकामे होतात. सूर दबून उशिरा वर येतो त्यात याचा मोठा वाटा असतो. ०.१ला लागणारा वेळ बावीस मिलिसेकंदांच्या घरात, ०.०२२ला पाचच्या. ०.०२२लाही इथे कापण्याची जागा ३३ हर्ट्झ, त्यामुळे खर्जाला फारसा धक्का नाही. माझ्या अँपमध्ये आज पहिल्या ट्यूबनंतर मूळचे ०.१ परत गेलेत, कॅथोडवर १ आहे आणि ६व्ही६पाशी ०.०४७. तुम्ही आधी कॅथोडचा एकटाच बदला आणि आठवडाभर वाजवा. तरीही सूर दबत असेल, तरच ६व्ही६कडे वळा.